माश्यांनी चिकट कागद जिंकला : जेत्यांच्या मनाची पडझड दाखवणारी चार छोटी पुस्तकं

परक्या फौजेने गाव घेतल्यावर गावकऱ्यांचं काय होतं, यावर कपाटं भरतील इतकं साहित्य आहे. गाव घेणाऱ्यांचं काय होतं, यावरची चांगली पुस्तकं मात्र बोटांवर मोजण्याइतकीच. त्यातली चार इथे घेतली आहेत : जॉन स्टाइनबेकची ‘द मून इज डाउन’ (१९४२), व्हेर्कोरची ‘ल सिलांस द ला मेर’ (१९४२), जॉर्ज ऑरवेलची ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’ (१९३६) आणि जे. एम. कुट्सीची ‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’ (१९८०). चारही मिळून आपल्याकडच्या एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीएवढी पानं होत नाहीत. (‘कब्जेदार’ म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो, म्हणून इथे जुना ‘जेते’ हाच शब्द वापरला आहे.)

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे एकाच पुस्तकावर घालायचे असतील तर स्टाइनबेक घ्या. ऑरवेलवर पैसे घालायची गरज नाही. व्हेर्कोर वाचा, पण जपून. कुट्सी सगळ्यात चांगला लेखक आहे आणि सगळ्यात जास्त दमवतो.

पुढे जाण्याआधी मोजपट्टी सांगायला हवी, कारण या प्रकारच्या लेखनात एक ठरलेली फसगत असते. बंदूक हातात असलेला माणूस रडतो, त्याचे अश्रू लेखक इतके जवळून दाखवतो की ज्याच्यावर बंदूक रोखली आहे तो चौकटीबाहेर जातो. इस्रायलमध्ये या प्रकाराला उपहासाने ‘गोळी झाडायची आणि रडायचं’ असं नावच पडलं आहे. तेव्हा प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न विचारायचे. जेत्याला नेमका त्रास कशाचा होतो? आणि त्या त्रासाने तो सुधारतो, की त्याला फक्त आराम हवा असतो? दुसऱ्या प्रश्नावर भलीभली पुस्तकं घसरतात.

‘द मून इज डाउन’

आठ प्रकरणं, शंभर-सव्वाशे पानं, दोन संध्याकाळींचं काम. एका छोट्या बंदराचं गाव, मागे कोळशाची खाण. देशाचं नाव नाही, चढाई करणाऱ्यांचंही नाही. थंडी, बर्फ आणि मासेमारी यावरून वाचक नॉर्वे समजतो. स्टाइनबेकने आधी हेच कथानक अमेरिकेतल्या गावात रचलं होतं. अमेरिका हरू शकते असं सुचवणं लोकांचं मनोधैर्य खचवेल म्हणून ते नाकारलं गेलं, आणि मग गाव बिननावी झालं. ही तडजोड पुस्तकाच्या पथ्यावर पडली. शत्रूचा झेंडा आणि पुढाऱ्याचं नाव वगळल्यावर उरतात ती फक्त एका घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली माणसं.

गाव पडतं ते पहिल्याच पानावर, सकाळी पावणेअकराच्या आत. गावचे सैनिक अवघे बारा. कॉरेल नावाच्या दुकानदाराने त्याच दिवशी डोंगरात नेमबाजीची स्पर्धा ठेवून, जेवणाची आणि बक्षिसांची सोय करून त्यांना गावाबाहेर काढलेलं. सहा मेले, तीन जखमी झाले, तीन बंदुकांसह डोंगरात पळाले. लढाई संपली. कादंबरीचा विषय इथून पुढे सुरू होतो, कारण जिंकून झाल्यावर तिथे राहावं लागतं आणि कोळसा काढून घ्यावा लागतो.

दुसऱ्या प्रकरणात स्टाइनबेक अधिकाऱ्यांची ओळख करून देतो, ती कारखान्यातल्या सुट्या भागांच्या यादीसारखी. पुढे कोण कुठून मोडणार हे तिथेच ठरलेलं आहे, त्यामुळे हे प्रकरण सावकाश वाचावं. मेजर हंटर इंजिनिअर आहे. त्याच्यापुढे ड्रॉइंग बोर्ड आहे आणि माणसं त्याला आकड्यांसारखी दिसतात. कॅप्टन लॉफ्ट अंगाने तरुण, डोक्याने नियमपुस्तक. कॅप्टन बेंटिक वय झालेला, कुटुंबवत्सल, कुत्री आणि नाताळ यांत रमणारा. लेफ्टनंट प्रॅकल पोरी आणि कपाळावर आठ्या आणण्याची हौस यांत गुंतलेला. लेफ्टनंट टाँडर कवी. रणांगणावर आपण कसे देखणे मरू याची चित्रं रंगवणारा. आणि या सगळ्यांवर कर्नल लान्सर. पहिल्या महायुद्धाचा अनुभव असलेला तो एकटाच.

लान्सरचं पात्र हा या पुस्तकाचा कणा. त्याला पुढे काय होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो ब्रसेल्समधल्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो : पाच फुटांहूनही बुटकी, पांढरे केस, गोड चेहरा. सैनिकांना त्यांचीच देशभक्तिपर गाणी थरथरत्या आवाजात म्हणून दाखवणारी, त्यांना हवं ते आणून देणारी. तिच्या मुलाला देहदंड दिला गेला होता हे कुणाला माहीत नव्हतं. शेवटी तिला गोळी घातली, तोवर तिने टोपीला लावायच्या लांब काळ्या पिनेने बारा जणांना मारलेलं होतं. ती पिन लान्सरने घरी जपून ठेवली आहे. तरीही तो हुकूम पाळतो, ओलीस धरतो, गोळ्या घालायला लावतो. त्याला सगळं कळतं आणि कळण्याचा काडीचा उपयोग नाही. इतकं कोरडं पात्र त्या काळच्या प्रचारसाहित्यात दुसरं सापडणं कठीण.

खरा ऐवज पाचव्या प्रकरणात आहे. बेंटिक आधीच मेलेला आहे. ॲलेक्स मॉर्डन नावाच्या खाणकामगाराने काम नाकारताना कुदळ उगारली ती लॉफ्टवर. मध्ये पडला म्हणून बेंटिक गेला. ॲलेक्सला गोळ्या घातल्या आहेत. बर्फ पडतं आहे. आणि आता गाव फक्त एकच गोष्ट करतं : बोलत नाही. शिपाई खाणावळीत शिरले की हसणं थांबतं. एखादा दारू पिऊन जरा सैलावला की सकाळी बर्फाच्या ढिगात सापडतो. रूळ उखडले जातात, यंत्रं बिघडतात. हंटर तेच रूळ पुन्हा पुन्हा जोडतो. मायदेशाहून येणाऱ्या बातम्या सगळ्या विजयाच्या, त्यामुळे त्यांच्यावरचा विश्वास उडत जातो. रात्री पहारेकरी सावल्यांवर गोळ्या झाडू लागतात.

या प्रकरणात लेखकाने कुणालाही पश्चात्ताप दिलेला नाही, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. टाँडरला काय हवं आहे? घरी जायचं आहे. कुणीतरी हसून बोलायला हवं आहे. ही माणसं आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, अशी त्याची तक्रार आहे आणि ती तो खऱ्या दुखावलेपणाने करतो. आपण त्यांचं गाव बळकावलं याचा त्या दुखावलेपणाशी संबंध असू शकतो, हे त्याला सुचतही नाही. मग तो हसू लागतो आणि हसणं थांबत नाही : माश्यांनी चिकट कागद जिंकला, माश्यांनी दोनशे मैल नवा चिकट कागद काबीज केला! लॉफ्ट त्याच्या थोबाडीत मारतो. हुकूम, हशा, थप्पड, शांतता. जेत्याच्या मनाचा सांधा कुठे निखळतो हे इतक्या कमी शब्दांत क्वचित कुणी दाखवलं असेल.

सहाव्या प्रकरणात हाच टाँडर एका घराचं दार ठोठावतो. आत मॉली मॉर्डन आहे, ॲलेक्सची विधवा; ती कोण हे त्याला ठाऊक नाही. त्याला फक्त बोलायचं आहे. ती उपाशी आहे, म्हणून ती किंमत सांगते : दोन सॉसेज. तो कळवळतो, कारण त्याला प्रेमाचा भास हवा होता आणि हिने दर सांगितला. पुढे मॉली शिवणकामाची मोठी कात्री बरोबर घेते. (शेवट फोडला खरा, पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा.) मारण्याचा प्रसंग लेखक दाखवत नाही, दारापाशीच थांबतो.

आता खोट. सातव्या प्रकरणापासून पुस्तकाचा तोल जातो. आकाशातून छोट्या निळ्या छत्र्यांना बांधून डायनामाइट पडतं, सोबत चॉकलेट, म्हणजे पोरं शोधायला धावतील; ही युक्ती मजेदार आहे, पण तिथून कथा अधिकाऱ्यांच्या खोलीतून बाहेर पडते ती परत येत नाही. शेवट महापौर ऑर्डनचा आहे. तो सॉक्रेटिसचं भाषण आठवतो, उदात्त होतो आणि थोडा पुतळाही होतो. मूळ घडणच नाटकाच्या अंगाने केली असल्यामुळे संवाद जागोजाग रंगमंचावर उभं राहून बोलल्यासारखे वाटतात. अमेरिकेत त्या वेळी टीका झाली ती वेगळ्याच कारणाने : शत्रूला इतकं माणसासारखं रंगवलंच कसं? विनोदी लेखक जेम्स थर्बरने झोडपलं. उलट ज्यांच्या घरात शत्रू खरोखर बसला होता त्यांनी पुस्तक चोरून छापलं आणि वाटलं : नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स. १९४६ मध्ये नॉर्वेचा राजा हाकोन सातवा याने स्टाइनबेकला पदक दिलं. राक्षस म्हणून रंगवलेला शत्रू अजिंक्य वाटतो. झोप उडालेला, घराची आठवण काढून रडकुंडीला आलेला शत्रू पाडता येतो, हे त्या वाचकांनी ओळखलं.

आवृत्ती घेताना पेंग्विन क्लासिक्सची, डॉनल्ड कोअर्स यांची प्रस्तावना असलेली पाहावी. या पुस्तकाचा युद्धकाळातला भूमिगत प्रवास हा कोअर्स यांच्या अभ्यासाचाच विषय आहे. प्रस्तावना मात्र कादंबरी संपवून वाचा. १९४३ चा चित्रपट नसला पाहिला तरी चालेल.

‘ल सिलांस द ला मेर’

‘समुद्राचं मौन’. झाँ ब्र्यूलेर या चित्रकाराने व्हेर्कोर या टोपणनावाने लिहिलेली दीर्घकथा. फ्रान्सवर जर्मन ताबा असताना पॅरिसमध्ये गुपचूप सुरू झालेल्या ‘एदिस्याँ द मिन्वी’, म्हणजे मध्यरात्र प्रकाशनाचं हे पहिलं पुस्तक. छपाईची हकिकत कथेइतकीच वाचनीय आहे : एरवी लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या सूचना छापणारा एक छोटा मुद्रक, एका वेळी आठच पानं, आणि प्रती साडेतीनशेच्या आसपास. याच प्रकाशनाने पुढे १९४४ मध्ये स्टाइनबेकचं वरचं पुस्तकही फ्रेंचमध्ये चोरून काढलं. दोन्ही पुस्तकं एकत्र वाचायला यापेक्षा चांगलं निमित्त नको.

कथेची मांडणी अगदी मोजकी. एका काकांचं आणि त्यांच्या पुतणीचं घर. १९४० च्या नोव्हेंबरात तिथे वेर्नर फॉन एब्रेनाक हा जर्मन अधिकारी राहायला येतो. एक पाय ताठ, पेशाने संगीतकार, फ्रेंच साहित्यावर जीव. काका-पुतणी ठरवून टाकतात की त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. तो शंभराहून अधिक संध्याकाळी खाली येतो, गणवेश उतरवून साध्या कपड्यांत येतो, शेकोटीशी उभा राहून एकटाच बोलतो आणि शुभरात्री म्हणून निघून जातो. काका पाइप ओढतात, पुतणी विणत राहते.

यंत्र कसं चालतं ते पाहा. मौनाला उत्तर नसतं, म्हणून बोलणाऱ्याला स्वतःच पुढचं वाक्य शोधावं लागतं. दर संध्याकाळी तो थोडा अधिक उघडा पडतो. सुंदरी आणि पशू यांची गोष्ट सांगतो आणि त्यात जर्मनीला पशू, फ्रान्सला सुंदरी करतो. लग्न झालं की पशू राजपुत्र होईल! आपण जबरदस्तीने घरात घुसलो आहोत हे त्याला सोयऱ्यासारखं वाटू लागलं आहे. सुसंस्कृत जेत्याची आत्मवंचना इतकी नेमकी पकडलेली दुसरीकडे दिसत नाही. मग तो पॅरिसला जातो, तिथे मित्रांकडून त्याला कळतं की फ्रान्सचा आत्माच चिरडायचा बेत आहे, आणि तो मोडून परततो. आठवडाभर खाली येत नाही. शेवटी येतो तो गणवेशात. रशियाच्या आघाडीवर बदली मागून घेतली आहे, म्हणजे मरण. पुतणी पहिला आणि शेवटचा शब्द बोलते, निरोपाचा.

दुसऱ्या प्रश्नावर हे पुस्तक इथे अडखळतं. फॉन एब्रेनाकला कळतं आणि तो मोडतो. पण त्याने काय केलं? ज्या यंत्राची त्याला किळस आली त्याच यंत्राच्या अधिक भीषण दातांत जाऊन उभा राहिला. व्हेर्कोर याकडे शोकांतिकेसारखं पाहतो. कठोर वाचक म्हणेल, हा साधा आज्ञाधारकपणा आहे, फक्त शोकवस्त्र घातलेला. शिवाय पात्र फारच तलम सुतानं विणलंय. इतका सुशील, इतका बाखप्रेमी अधिकारी प्रातिनिधिक ठरत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४७ मध्ये यावर मार्मिक लिहिलं : १९४१ मध्ये फ्रेंच माणसाला रस्त्यात भेटणारा जर्मन शिपाई खरोखरच सभ्यपणे वागत होता, तेव्हा ‘सभ्य असला तरी बोलू नका’ हे सांगणारं पुस्तक हवं होतं; १९४२ संपता संपता अटका, गोळीबार आणि रेल्वेचे घातपात सुरू झाले आणि त्याची धार गेली. औषधासारखी या पुस्तकालाही मुदत होती. तरी मौनाची योजना आजही चालते, आणि ती स्टाइनबेकच्या पाचव्या प्रकरणाशी ताडून पाहिली की दोन्ही पुस्तकं उजळतात.

फ्रेंच थोडंफार येणाऱ्यांनी बर्ग प्रकाशनाची द्विभाषिक आवृत्ती शोधावी. वाक्यं छोटी आहेत, आलियाँस फ्रान्सेझमधला मधल्या पातळीचा विद्यार्थी कोश हाताशी घेऊन वाचू शकेल. त्यानंतर दिग्दर्शक मेलव्हिलचा १९४९ चा चित्रपट जरूर पाहावा. दीड तासापेक्षा थोडा कमी, काळा-पांढरा, व्हेर्कोरच्याच घरात चित्रित केलेला. अधिकारी झालेला हॉवर्ड व्हर्नन सतत बोलतो आणि कॅमेरा न बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर राहतो. पुस्तकात जे आपण विसरतो, म्हणजे समोर दोन जिवंत माणसं बसली आहेत, ते चित्रपट विसरू देत नाही. या एका बाबतीत तो मूळ कथेपेक्षा सरस.

‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’

निबंध म्हणा, कथा म्हणा. घटना खरी किती यावर वाद आहे. अर्ध्या तासात वाचून होते. ऑरवेल १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात इंपीरियल पोलिसात होता, आणि ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता. थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलेलं आपल्याला ठाऊक असतं. त्याच्यामागे ब्रह्मदेशात गोरा पोलीस कसा जगत होता त्याचं हे चित्र आहे.

आकडे लक्षात ठेवून वाचा, कारण सगळा अर्थ आकड्यांत आहे. मोलमीनमध्ये माजावर आलेला हत्ती साखळी तोडून सुटतो, एका मजुराला चिरडतो. मजूर कोरिंगी, म्हणजे आंध्र किनाऱ्यावरून पोटासाठी गेलेला. साहेबाच्या हातात आधी .४४ विंचेस्टर बंदूक, हत्तीसाठी कुचकामी. तो मित्राकडून मोठी रायफल मागवतो, सोबत काडतुसं पाच. रायफल बघून मागे गर्दी जमते, किमान दोन हजारांची. हत्ती तोवर शांत होऊन गवत उपटून खातो आहे. जिवंत हत्तीची किंमत शंभर पौंडांहून कमी नाही, मेला तर सुळ्यांचे पाच मिळाले तर मिळाले. मारायचं काही कारण उरलेलं नाही. पण दोन हजार माणसं पाठीमागे आहेत, आणि गोऱ्या माणसाला हसणं झालं तर राज्य कसलं? तो मारतो, तेही चुकीच्या जागी : कानाच्या छिद्रावर नेम धरायचा सोडून त्याच्या पुढे धरतो. तिसऱ्या गोळीला हत्ती कोसळतो. उरलेल्या दोन छातीत. मरत नाही. मग लहान बंदुकीने गोळ्यांवर गोळ्या. सहन न होऊन साहेब निघून जातो, आणि हत्तीला मरायला अर्धा तास लागला हे मागाहून कळतं.

कळस पुढे आहे. क्लबमधले तरुण गोरे म्हणतात, कोरिंगी कुलीपेक्षा हत्तीचं मोल जास्त, मारायला नको होता. आणि निवेदक सांगून टाकतो की कुली मेला याचा आपल्याला आनंदच झाला, कारण कायद्याने आपली बाजू सावरली गेली. दुसऱ्या प्रश्नाचं याहून प्रामाणिक उत्तर या चार पुस्तकांत नाही. साम्राज्य वाईट आहे हे या माणसाला पूर्ण पटलेलं आहे. त्याच वेळी खिदळणाऱ्या बौद्ध भिक्खूच्या पोटात संगीन खुपसावी असंही त्याला वाटतं. एकीने दुसरी खोडली जात नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच दुपारी नांदतात.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. ऑरवेल १९५० मध्ये गेला, म्हणजे २०११ पासून हे लेखन आपल्याकडे मुक्त आहे; विकत घ्यायचं कारण नाही. स्टाइनबेक १९६८ मध्ये गेला, त्याच्यासाठी २०२९ उजाडावं लागेल. ऑरवेल आवडला तर ‘बर्मीज डेज’ (१९३४) घ्या. तिथला फ्लोरी पंधरा वर्षं ब्रह्मदेशात कुजलेला, गालावर जन्मखूण, क्लबमध्ये मनातलं एक वाक्य बोलायची सोय नाही. कादंबरी थोडी ढिली आहे, पण क्लबची प्रकरणं जिव्हारी लागतात.

ताळा करायला फानों

या कथांचा ताळा करायचा तर मनोविकारतज्ज्ञ फ्रांत्झ फानोंच्या ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ (१९६१) मधलं मनोविकारांवरचं प्रकरण वाचावं. कथा नव्हे, रुग्णांच्या नोंदी आहेत. अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात काम केलेल्या फानोंने छळ सोसणाऱ्यांबरोबर छळ करणाऱ्यांचीही टिपणं ठेवली. एक युरोपीय पोलीस निरीक्षक, वय तीस. सिगारेटी वाढलेल्या, भूक गेलेली, वाईट स्वप्नं. घरी बायको-मुलांना मारतो. एकदा बायकोला खुर्चीला बांधून मारलं. दिवसा अल्जीरियन कैद्यांचा छळ करणं ही त्याची नोकरी. तो स्वतःहून डॉक्टरकडे आला, आणि त्याचं मागणं सरळ होतं : काम तर सोडायचं नाही, तेव्हा मन न टोचता आणि घरी त्रास न होता छळ करता येईल असं काहीतरी करा.

ही नोंद वाचून पुन्हा कादंबऱ्यांकडे वळलं की तराजू आपोआप हलतो. फॉन एब्रेनाक हलका होतो. टाँडर, लान्सर आणि ऑरवेलचा साहेब जागेवर राहतात, कारण त्यांच्याही दुखण्यात सुधारणेची मागणी नाही, फक्त दुखणं थांबवायची आहे. दुसरी एक नोंद आहे : रात्री किंकाळ्या ऐकू येतात म्हणून खिडक्या बंद करून कानात कापूस घालणाऱ्या पोलिसाची. रुग्णालयाच्या आवारात त्याची गाठ त्यानेच छळलेल्या माणसाशी पडते. पोलीस झाडाला टेकून थरथरत उभा. आणि तो दुसरा माणूस स्वच्छतागृहात जीव द्यायच्या प्रयत्नात सापडतो, कारण आपल्याला पुन्हा न्यायला आले असं त्याला वाटलं. कादंबरीकार इथे बहुधा झाडापाशी थांबला असता. फानों स्वच्छतागृहापर्यंत जातो.

‘वेटिंग फॉर द बार्बेरियन्स’

कुट्सीची कादंबरी काल्पनिक साम्राज्याच्या सरहद्दीवर घडते. म्हातारा मॅजिस्ट्रेट निवेदक. पुरातन लाकडी पट्ट्या गोळा करणारा, सुखवस्तू, वाईट नसलेला. राजधानीहून काळा चष्मा लावलेला कर्नल जोल येतो आणि ‘रानटी’ लोकांची चौकशी म्हणजे छळ सुरू होतो. मॅजिस्ट्रेट एका छळलेल्या मुलीला घरी ठेवतो, रोज तिचे मोडलेले पाय धुतो. वाचक हळवा होऊ लागतो आणि कुट्सी तिथेच पाय ओढतो. या धुण्यात दया किती आणि तिच्या अंगावरच्या खुणा वाचायची हाव किती? जोलही त्या अंगाकडून काहीतरी वदवून घेत होता आणि हाही तेच करतो आहे, फक्त कोमट पाण्याने. रडणाऱ्या शिपायाच्या साच्यातून ही कादंबरी सुटते ती याच प्रसंगांमुळे. मुलगी त्याला काही सांगत नाही, त्याच्यावर प्रेमही करत नाही.

मधला भाग, मुलीला तिच्या लोकांकडे पोचवायचा बर्फवाऱ्यातला प्रवास, लांबतो. तिथे पुस्तक सोडू नका. परतल्यावर त्याला देशद्रोही ठरवतात आणि कैद्यांच्या पाठीवर कोळशाने ‘शत्रू’ लिहून ती अक्षरं घाम-रक्ताने पुसली जाईपर्यंत फटके मारण्याचा प्रसंग येतो. तो कच्च्या मनाच्या वाचकाला सांगून मगच हाती द्यावा. २०१९ चा चित्रपट देखणा आहे, मार्क रायलन्सने कामही उत्तम केलंय, पण मॅजिस्ट्रेटच्या मनातली लाजिरवाणी बडबड पडद्यावर येत नाही आणि तो भला म्हातारा होऊन बसतो. म्हणजे कुट्सीने जे टाळलं नेमकं तेच.

वाचायचा क्रम : आधी ऑरवेल, एका बैठकीत. मग स्टाइनबेकची पहिली सहा प्रकरणं. तिथे थांबून व्हेर्कोर. मग स्टाइनबेकची उरलेली दोन, म्हणजे ऑर्डनची भाषणं मौनाच्या शेजारी किती मोठ्याने ऐकू येतात ते कळेल. फानोंचं प्रकरण कुट्सीच्या आधी घ्या. नंतर घेतलं तर रात्री वाचू नका.